चॉसरच्या पक्षिसभेवर प्रश्नमंजूषा कशी बेतावी

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या वाचनमंडळासाठी इंग्रज कवी ज्यॉफ्री चॉसर यांच्या ‘पार्लमेंट ऑफ फाउल्स’ या चौदाव्या शतकातील प्रेमकवितेवर प्रश्न काढताना माझी पहिली चूक झाली ती ओळींची संख्या विचारण्याची. सात-सात ओळींची ९८ कडवी आणि अखेरच्या गीताच्या १३ ओळी मिळून ६९९ हे उत्तर मी पक्के धरले होते. परंतु अनेक जुन्या हस्तलिखितांत ते गीत अपुरे आहे किंवा मुळीच नाही, हे एका सभासदाने दाखवून दिले आणि गुणपत्रकात खाडाखोड करावी लागली. म्हणून ज्याचे उत्तर कवितेत बोट ठेवून दाखवता येईल, तेवढेच विचारावे, आणि कोणती आवृत्ती प्रमाण मानली आहे ते आधीच जाहीर करावे.

‘व्हॅलेंटाइनचा दिवस कोणत्या तारखेला?’ हा प्रश्नही याच कारणाने टाळावा. कवितेत त्या संताच्या दिवशी पक्षी जोडीदार निवडायला जमतात, एवढेच येते. तारीख येत नाही, आणि तो दिवस मे महिन्यातला असावा असे मांडणारेही अभ्यासक आहेत.

मूळ मध्ययुगीन इंग्रजी सर्वांना झेपत नाही, त्यामुळे आठवडाभर आधी आधुनिक इंग्रजी रूपांतर आणि एक पानी मराठी सारांश वाटावा. पहिल्या फेरीत सोपे प्रश्न पुरेत: झोपण्यापूर्वी कवी कोणाचे पुस्तक वाचतो (रोमन लेखक सिसेरोचे), स्वप्नात वाट दाखवायला कोण येतो (रोमन सेनापती आफ्रिकानस), आणि उद्यानाच्या दारावरचा मजकूर कोणत्या दोन रंगांत आहे (सोनेरी आणि काळा).

खरी रंगत सभेच्या प्रसंगात आहे. निम्मे प्रश्न तिथलेच असावेत. निसर्गदेवीच्या हातावर बसलेल्या एका मादी गरुडासाठी तीन नर गरुड लांबलचक बाजू मांडतात आणि ताटकळलेले बाकीचे पक्षी कलकलाट करू लागतात. इथे ‘कोण म्हणाले?’ ही फेरी घ्यावी. तिचे प्रेम नसेल तर त्याने दुसरीवर करावे, हा हंसिणीचा रोखठोक सल्ला. प्रियकराने बदलूच नये, हे पारव्याच्या जातीतल्या कवडीचे म्हणणे. आणि मला माझी जोडी सुखाने मिळू द्या, हे भांडणारे जन्मभर एकटे राहिले तरी चालेल, ही कोकिळेची आपमतलबी मागणी. वाक्ये मराठीत मोठ्याने वाचावीत. हंसिणीच्या वाक्याला आमच्याकडे टाळ्या पडल्या, मात्र निम्म्या चमूंनी ते कोकिळेच्या नावावर लिहिले.

‘ती कोणाला निवडते?’ हा प्रश्न मुद्दाम ठेवावा, कारण त्या तिघांतल्या राजगरुडाला, असे बहुतेक जण न वाचताच लिहितात. ती कोणालाच निवडत नाही. वर्षभराची मुदत मागून घेते आणि निसर्गदेवी ती देते.

शेवटच्या गीतात पक्षी कोणत्या ऋतूचे स्वागत करतात, हा बरोबरी सोडवणारा प्रश्न. पर्यायांत ‘पावसाळा’ जरूर असावा. इंग्लंडच्या थंडीने गारठलेल्या पक्ष्यांना उन्हाळा हवासा वाटतो, हे कूलरपुढे मे महिना काढणाऱ्या नागपूरकराच्या सहजी मनात येत नाही.