फुगा वर जाईलच, डबा परत आणायचं बघा

हौसेखातर आभाळात सोडायच्या मोठ्या फुग्याला ३० किलोमीटर उंचीवर नेण्याचं काम हेलियम करतं. आपलं काम त्याखाली लटकवलेला डबा परत मिळवण्याचं. म्हणून "सुरुवात कुठून करू?" असं कुणी विचारलं की मी ट्रॅकरचं, म्हणजे डबा कुठे आहे ते कळवणाऱ्या यंत्राचं, नाव घेते. कॅमेरा वगैरे लाड नंतर.

ट्रॅकरमधला जीपीएस आधी तपासा. कित्येक मॉड्यूल १८ किलोमीटरच्या वर मुकी होतात. जुन्या निर्यात-नियमांचा हा परिणाम. यू-ब्लॉक्स कंपनीची मॉड्यूल त्याहून वर चालतात, पण त्यांना 'एअरबोर्न' म्हणजे उड्डाणाच्या मोडमध्ये टाकावं लागतं. नेहमीच्या मोडमध्ये ती १२ किलोमीटरवरच हात टेकतात. हा आदेश एकदा देऊन निर्धास्त होऊ नका. मॉड्यूल मध्येच रीसेट झालं तर मूळ मोडवर जातं, म्हणून प्रोग्रॅममधून तो अधूनमधून पुन्हा पाठवत राहा.

स्थान खाली कळवायला लोरा, म्हणजे कमी पॉवरमध्ये लांबवर छोटे निरोप पाठवणारा रेडिओ, पुरतो. त्याची पॉवर १० मिलिवॉट ऐकून लोक हसतात, पण ३० किलोमीटरवरून क्षितिज ६०० किलोमीटर लांब असतं आणि मध्ये आडवं काही येत नाही. अँटेना डब्याच्या तळातून सरळ खाली सोडा. फ्रिक्वेन्सी, पॉवर आणि हवेतून प्रक्षेपण करायला मुभा आहे का, हे आपल्या देशाच्या नियमांत पाहून घ्या. मोबाइलचं सिम असलेला ट्रॅकर जोडीला ठेवायला हरकत नाही, पण भिस्त त्याच्यावर नको. वर नेटवर्क नसतं, आणि डबा पडतो तिथेही असेलच असं नाही.

बाहेर उणे ५० अंशांच्याही खाली पारा जातो. साधे अल्कलाइन सेल तिथे मान टाकतात. पुन्हा चार्ज न होणारे लिथियम सेल घ्या आणि सगळं थर्माकोलच्या डब्यात बसवा. कॅमेरा लावणारच असाल तर तो जीपीएसपासून लांब ठेवा, कारण स्वस्त कॅमेऱ्यांच्या रेडिओ-गोंगाटात जीपीएसला उपग्रह सापडत नाहीत. कॅमेऱ्यासकट सगळं चालू करून डबा काही तास उघड्यावर ठेवा. यात पास झाला नाही तर उड्डाण पुढे ढकला.

विमान वाहतूक प्राधिकरणाची परवानगी काही आठवडे आधीच मागा, म्हणजे वैमानिकांना सूचना देता येते. परवानगी नसेल तर फुगा सोडायचा नाही. यावर मी वाद घालत नाही.

गॅस भरताना हातमोजे घाला, त्वचेच्या तेलाने फुग्याचं लेटेक्स रबर कमकुवत होतं. १ किलोचा फुगा आणि पॅराशूट-दोरीसकट १ किलोचा डबा असेल, तर सुमारे ३ घनमीटर हेलियम लागतं. मोजायची सोपी रीत अशी: भरायची नळी आणि पाण्याची बाटली मिळून २ किलो होईल एवढं पाणी घ्या, ते फुग्याच्या तोंडाशी टांगा आणि ते जेमतेम तरंगेपर्यंत भरा. यातला १ किलो डब्याचा, दुसरा १ किलो वर खेचण्याचा. एवढ्यात फुगा सेकंदाला साधारण ५ मीटर चढतो, म्हणजे ३० किलोमीटरला १०० मिनिटं. कमी भरलात तर तो रेंगाळतो आणि वाऱ्याबरोबर फार दूर जातो. पॅराशूट फुगा आणि डब्याच्या मध्ये, आधीपासून उघडं बांधा. वर हवेचा दाब जमिनीवरच्या जवळपास एक टक्का उरतो, फुगा फुगत जाऊन फुटतो आणि मग पॅराशूटचं काम सुरू होतं.

डबा कुठे पडेल याचा अंदाज वाऱ्याच्या भाकितावरून ऑनलाइन काढता येतो. तो आदल्या दिवशी पाहा, सकाळी पुन्हा पाहा. पडण्याची जागा समुद्र, शहर किंवा विमानतळाजवळ दिसली तर दिवस बदला.

आता पाठलाग. फुगा सुटला की गाडी अंदाजाच्या जागेकडे निघायला हवी. चालवणारा एक, रिसीव्हर पाहणारा दुसरा. एकट्याने दोन्ही करू नका. डबा जमिनीजवळ आला की टेकड्या आणि झाडं सिग्नल अडवतात, त्यामुळे शेवटचे काही निरोप तुम्ही जवळ असाल तरच मिळतात.

सिग्नल तुटला तर शेवटच्या बिंदूवर जाऊन शोधत बसू नका, हिशोब करा. समजा शेवटची उंची जमिनीपासून ९०० मीटर होती आणि डबा सेकंदाला ६ मीटरने उतरत होता. म्हणजे अजून १५० सेकंद तो हवेत होता. वारा सेकंदाला ४ मीटर असेल, तर तो ६०० मीटर पुढे सरकला. हा वारा कुठून कळणार? चढतानाच्या नोंदींतून. त्याच उंचीवर फुगा कोणत्या दिशेला, किती वेगाने वाहत होता ते पाहा. खालच्या थरासाठी मी भाकितापेक्षा या आकड्यांवर जास्त विश्वास ठेवते. मात्र सोडण्याची आणि पडण्याची जागा फार लांब असतील किंवा मध्ये डोंगर असेल, तर तो आकडा चालत नाही.

त्या जागी पोहोचलात की रिसीव्हर घेऊन जवळच्या उंचवट्यावर चढा. जमिनीवर पडलेल्या डब्याचा सिग्नल खालून ऐकू येत नसला तरी वरून पुष्कळदा येतो. डब्यात बझर असेल तर शोधणं सोपं जातं. डब्यावर "धोका नाही" असं ठळक लिहून फोन नंबर द्या, कारण तुमच्या आधी तो दुसऱ्याच कुणाला सापडू शकतो. आणि कुणाच्या शेतात किंवा आवारात दिसला, तर आधी मालकाला विचारा, मगच कुंपण ओलांडा. फुग्याच्या चिंध्या आणि दोरीही गोळा करा, गुरं ती चघळतात.