पहिलं निवेदन देण्याआधी

नव्यानं चळवळीचं काम सुरू करणाऱ्या मुलींच्या गटाबरोबर बसले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुम्हाला जे हवंय ते नेमकं कोणाच्या सहीनं मिळेल? उत्तरं येतात, ‘सरकारच्या’, ‘खरं तर समाजच बदलायला हवा’. पण समाजाकडे भेटीची वेळ मागता येत नाही. सही करणाऱ्या माणसाकडे मागता येते. तो माणूस सापडेपर्यंत घोषणा, पोस्टर, मोर्चा यांतलं काहीही सुरू करू नका.

मुलींची सुरक्षितता हा विषय झाला. बसथांब्यापासून वसतिगृहापर्यंतचे बंद दिवे महिनाअखेरपर्यंत सुरू करा, ही मागणी झाली. तिला समोरच्याला ‘हो’ म्हणावं लागतं किंवा ‘नाही’. ‘हो’ म्हणाला तर तारीख घ्यायची, ‘नाही’ म्हणाला तर कारण लेखी मागायचं आणि त्याच्या वरच्याकडे जायचं. विषय मोघम ठेवलात की ‘बघू’ असं उत्तर मिळतं आणि त्या ‘बघू’तच उत्साहानं आलेल्या मुली महिनाभरात गळतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की मागणीचं एक वाक्य घासूनपुसून होईपर्यंत मी बैठक उठूच देत नाही.

नेमका प्रश्न समोरच्याला कसं ‘हो’ म्हणायला लावतो, त्याचं हे उदाहरण. अमेरिकेत नॅशव्हिलमध्ये 1960 साली दुकानांतल्या खाण्याच्या काउंटरवर कृष्णवर्णीयांना बसू देत नसत. विद्यार्थी तिथे जाऊन शांतपणे बसत, मार खात, तुरुंगात जात. 19 एप्रिलच्या पहाटे त्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्याच दिवशी हजारो लोक एक शब्दही न बोलता चालत नगरपालिकेवर गेले. महापौर बेन वेस्ट पायऱ्यांवर आले. डायॲन नॅश तेव्हा 21 वर्षांची होती. तिनं त्यांना थेट विचारलं, केवळ वंश किंवा रंग पाहून माणसाला वेगळं वागवणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? सगळ्यांसमोर महापौरांना ‘हो’ म्हणावं लागलं. मग तिनं काउंटरचा विषय पुढे केला. 10 मे रोजी शहरातल्या सहा दुकानांनी ते काउंटर सगळ्यांना खुले केले. त्या एका प्रश्नामागे महिनोन्महिन्यांची तयारी होती, हेही लक्षात ठेवा.

मागणी ठरली की पुरावा. पुरावा म्हणजे जाऊन मोजणं. ‘बरेच दिवे बंद आहेत’ हे कोणीही उडवून लावतं. प्रत्येक खांबाचा क्रमांक, तारीख, वेळ आणि फोटो असा तक्ता समोर ठेवला की बोलणं त्या तक्त्यावरच होतं. मोजायला दोघीतिघींनी मिळून जा. अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया राज्यातल्या फार्मव्हिलमध्ये 16 वर्षांच्या बार्बरा जॉन्सनं 23 एप्रिल 1951 रोजी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत संप घडवून आणला, तेव्हा तिच्या बाजूनं आकडाच बोलत होता: 180 मुलांसाठी बांधलेली शाळा, आत 450 हून जास्त मुलं, आणि जादा वर्ग डांबरी कागद लावलेल्या खोपट्यांत. हे ऐकल्यावर वेगळं भाषण कशाला लागतं?

सह्यांच्या मोहिमेबद्दल माझं मत थोडं कडक आहे. सह्या गोळा कराच, कारण त्या निमित्तानं शंभर दारं उघडतात. पण सह्या म्हणजे निकाल नव्हे. ब्रिटनमध्ये लॉरा कोरिटन या विद्यार्थिनीनं 2014 मध्ये सॅनिटरी पॅड आणि टॅम्पॉनवरच्या 5 टक्के कराविरुद्ध याचिका सुरू केली. 3 लाखांहून अधिक सह्या झाल्या, तरी कर गेला तो 1 जानेवारी 2021 रोजी. मधली अडचण अशी होती की तेव्हाच्या युरोपीय करनियमांत हा कर शून्यावर आणायला मुभाच नव्हती. म्हणजे ‘आमची सहानुभूती आहे, पण हात बांधलेले आहेत’ असं कुणी म्हणालं की तिथे थांबायचं नाही. हात कोणत्या नियमानं बांधलेत, तो नियम कोण बदलू शकतं, हे त्याच बैठकीत विचारून लिहून घ्यायचं.

आता भेटीची तयारी. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. मी अधिकारी होऊन खुर्चीत बसते, समोर तिघी. एक बोलणार, दुसरी लिहिणार, तिसरी विषय भरकटला की परत आणणार. बोलणारीचं वाक्य अर्ध्यावर असताना मी फोन उचलते. मग विचारते, ‘कितवीत आहेस गं, बाळ?’ मग, ‘तुमच्यामागे कोण आहे? कुणी पाठवलं?’ पहिल्या वेळी बहुतेक मुली गडबडतात, आपलं वय, कॉलेज, घर सगळं सांगून बसतात आणि मागणी राहूनच जाते. एका गटातली सगळ्यात अबोल मुलगी सरावात माझा फोन संपेपर्यंत गप्प उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, मी पुन्हा पहिल्यापासून सांगते.’ तेवढंच, पण आवाज जराही न चढवता. बोलण्याचं काम तिला द्यायचं, असं गटानं तिथल्या तिथे ठरवलं. नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांनीही काउंटरवर जाण्याआधी असाच सराव केला होता: काही जण शिव्या देणारे व्हायचे, खुर्ची ओढायचे, बाकीच्यांनी हात न उचलता बसून राहायचं.

सोबत मोठं माणूस नेणार असाल तर त्यांना आधी सांगून ठेवा: अधिकारी तुमच्याकडे बघून बोलायला लागला तर तुम्ही बोलणाऱ्या मुलीकडे बघायचं. हे छोटं दिसतं, पण याच जागी मुलींच्या हातून सूत्रं जातात. 22 नोव्हेंबर 1909 रोजी न्यूयॉर्कमध्ये शिवणकामगारांच्या सभेत पुढारी तासन् तास बोलत होते. शेवटी 23 वर्षांची क्लारा लेमलिच उठली, यिडिश भाषेत म्हणाली की आता भाषणं पुरे, आणि तिनं सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला. त्यानंतर सुमारे 20 हजार कामगार संपावर गेले, त्यांत बहुतेक तरुण मुली. ज्येष्ठांकडून कायदा शिका, ओळखी घ्या, वकील मिळवा. निर्णय मात्र गटाच्या बैठकीतच घ्या.

निवेदन एक पान, दोन प्रती. वर मागणी, खाली कारणं, शेवटी उत्तराची मुदत. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. बाहेर आल्यावर चहाला जाण्याआधी लिहिणारीनं टिपणं पूर्ण करायची आणि त्याच दिवशी पत्र पाठवायचं: ‘आजच्या भेटीत आपण अमुक तारखेपर्यंत अमुक करण्याचं मान्य केलंत.’ पुढचा सगळा पाठपुरावा या पत्राच्या आधारे होतो.

धोक्याबद्दल मी मुलींपासून काही लपवत नाही. बार्बराला संपानंतर घरच्यांनी सुरक्षिततेसाठी दुसऱ्या राज्यात काकांकडे पाठवलं होतं. म्हणून पहिल्याच बैठकीत, एकेकीला बाजूला घेऊन विचारा: घरी माहीत आहे का? तुझा फोटो छापला तर चालेल का? नाव? जिचं उत्तर ‘नाही’ असेल तिच्यासाठी कॅमेऱ्यामागचं काम ठेवा, आणि तिला त्याचं कारण सगळ्यांसमोर द्यायला लावू नका. प्रसिद्धीसाठी वेगळा नंबर आणि वेगळा ईमेल ठेवा. घाणेरडे मेसेज आले तर ब्लॉक करण्याआधी तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, लिंक जपून ठेवा. ज्या मुलीवर हल्ला होतोय तिनं त्या कमेंट वाचत बसू नये. ते काम दुसरीनं करायचं, आळीपाळीनं. धमकी आली तर त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला आणि वकिलाला सांगायचं, पुढच्या बैठकीची वाट बघायची नाही.

मध्येच मागणी बदलावी लागली तर? बार्बरा आणि तिच्या सोबत्यांना हवी होती चांगली इमारत. वकील म्हणाले, काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बंद करा अशी मागणी असेल तरच आम्ही खटला लढू. धोका वाढणार होता. विद्यार्थी आणि पालक यांनी सभा घेऊन मोठी मागणी स्वीकारली. तो खटला पुढे 1954 च्या, अशा वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या ऐतिहासिक निकालात सामील झाला. मागणी वाढवायला माझा विरोध नाही. झळ ज्यांना बसणार आहे त्यांनी समोरासमोर बसून ते ठरवलेलं असावं, एवढंच.

आणि ‘हो’ मिळाल्यावर काम संपत नाही. तो निकाल लागूनही बार्बराच्या शाळेच्या काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्ह्यानं, 1959 ते 1964 सरकारी शाळा बंदच ठेवल्या, पण एकत्र शाळा होऊ दिली नाही. तेव्हा मान्यता मिळाली त्या दिवशी दोन तारखा लिहा: काम झालं का ते बघायची, आणि तीन महिन्यांनी ते टिकलंय का ते बघायची. दोन्ही वेळी पहिल्यासारखाच तक्ता भरा. ही जबाबदारी गटातल्या सगळ्यात लहान दोघींना द्या. फाईलमध्ये पोच, पत्रं, तक्ते, जमाखर्च, आणि कोणत्या खात्यात कोण नीट उत्तर देतं त्याची यादी असू द्या. ती फाईल त्यांच्या हातात देऊन एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर बसा, आणि पुढच्या भेटीला बोलायचं काम त्यांनाच द्या.