चांदण्या रात्री अंगणातून तारे कसे पाहावेत

तारे पाहायचे तर अमावास्याच हवी, असं बहुतेक जण धरून चालतात. आकाशगंगेचा पट्टा, तेजोमेघ (वायू-धुळीचे उजळ ढग), दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे दूरचे ताऱ्यांचे प्रचंड समूह) यांच्यासाठी ते खरं आहे. पण ज्याला अजून पाच-सात तारेही नावानिशी ओळखता येत नाहीत त्याने सुरुवात चांदण्या रात्रीच करावी, असं माझं ठाम मत आहे. आपल्या विदर्भातल्या खेड्यात अमावास्येला आभाळ इतकं खच्चून भरतं की कुठला तारा कुठल्या आकृतीतला, हे नवख्याला कळेनासं होतं. ताऱ्याचं तेज प्रतीत मोजतात, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. नुसत्या डोळ्यांना दिसणारे सगळ्यात मंद तारे सहाव्या प्रतीचे. पौर्णिमेचा चंद्र ही मर्यादा तिसऱ्या-चौथ्या प्रतीवर आणून ठेवतो. हजारोंच्या जागी शे-दोनशे तारे उरतात, आणि आकृत्यांचे कोपरे सांभाळणारे मुख्य तारे नेमके तेच असतात. त्यांची ओळख पक्की झाली की अंधाऱ्या रात्रीची गर्दी अंगावर येत नाही.

आधी तिथी बघा

चांदणी रात्र म्हणजे फक्त पौर्णिमा नव्हे. शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजेड देत असेल असं वाटतं, पण प्रत्यक्षात तो जेमतेम दहावा हिस्सा देतो. पौर्णिमेला चंद्रावरचं ऊन आपल्या पाठीमागून आल्यासारखं सरळ पडतं. तिथल्या खाचखळग्यांच्या सावल्या आपल्याला दिसतच नाहीत आणि सगळं बिंब एकसारखं झळाळतं. अष्टमीला ऊन तिरपं असतं, जागोजागी सावल्या असतात, त्यामुळे उजेड एकदम घटतो.

म्हणून पहिल्या बैठकीसाठी शुद्ध अष्टमी ते एकादशी हे दिवस धरा. चंद्र संध्याकाळी वर आलेला असतो, जेवणं आटोपून बाहेर येईपर्यंत पश्चिमेकडे कलू लागतो आणि पूर्वेचं आभाळ त्या मानाने मोकळं सोडतो. पौर्णिमेला चंद्र दिवेलागणीलाच पूर्वेला उगवतो, तेव्हा उलटं करायचं, म्हणजे चंद्राकडे पाठ आणि तोंड पश्चिमेकडे. चंद्राच्या आजूबाजूचं आभाळ सोडून द्या. त्याच्यापासून पाव आभाळ दूर आणि क्षितिजापासून बरंच वर, तिथे सगळ्यात जास्त तारे दिसतात.

अंगणात जागा निवडा

चंद्राचा थेट उजेड डोळ्यात येऊ द्यायचा नाही, ही यातली सगळ्यात मोठी गोष्ट. घराच्या भिंतीची, गोठ्याची किंवा कडुनिंबाची सावली शोधा आणि बाज त्या सावलीत टाका. आभाळ तेवढंच उजळ राहतं, पण डोळ्यांना फरक लगेच जाणवतो. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, म्हणून बसल्या बसल्या मोबाइल उघडू नका. स्टेलॅरियमसारखं ॲप वापरायचं असेल तर त्यातला लाल रंगाचा रात्रीचा पर्याय सुरू करा. बॅटरीच्या काचेवर पतंगाचा लाल कागद दुहेरी लावून रबर चढवलं की काम भागतं.

गच्चीपेक्षा अंगण किंवा मागची सांदवाडी बरी. दिवसभर तापलेला स्लॅब आणि टिनं मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतात, त्यावरची हवा हलते आणि दुर्बिणीतलं चित्र थरथरतं. माती आणि गवत लवकर निवतात. उन्हाळ्यात हा फरक फार मोठा असतो.

खांबावरचा दिवा थेट डोळ्यावर येत असेल तर चांदण्यापेक्षा तोच जास्त नुकसान करतो. आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. तिथे आजूबाजूच्या गावांतले दिवे खाली जमिनीकडे तोंड करून बसवले गेले. आपल्या आवारातल्या बल्बला वरून आणि बाजूने टिनाचं झाकण करून घेणं हे त्यातलंच काम आहे, एका संध्याकाळी होतं.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. जमिनीवर सतरंजी टाकून झोपू नका. मण्यार रात्री फिरते, आणि विंचू गवतात, विटांच्या ढिगात असतोच. बाजेवर झोपा, उतरताना आधी बॅटरी मारा, पायात बूट घाला. चंद्रपूर-गडचिरोलीकडे आणि जंगलाला लागून असलेल्या कुठल्याही गावात धुऱ्यावर, वावरात एकट्याने जाऊ नका. चांगलं आभाळ दिसतं म्हणून अंगण सोडायची गरज नाही.

हाताने मोजायला शिका

हात सरळ लांब करा. एक डोळा मिटून पाहिलं तर करंगळीची रुंदी साधारण एक अंश, मूठ दहा अंश, आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतची ताणलेली वीत वीस अंशांच्या थोडी वर भरते. लहान मुलाचा हात आखूड आणि वीतही आखूड, त्यामुळे त्याचंही माप जवळपास तेच येतं. चंद्राचं बिंब अर्धाच अंश आहे. एवढा मोठा दिसणारा चंद्र करंगळीमागे पूर्ण झाकतो, हे मुलांना करून बघायला सांगा.

ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, तितके आपल्या गावाचे अक्षांश. नागपूर २१ अंशांवर आहे, यवतमाळ-बुलढाणा त्याच्या किंचित खाली. म्हणजे आपल्या भागात उत्तर क्षितिजावर करंगळी टेकवून वीत उभी धरली की अंगठ्याजवळ ध्रुव सापडतो. तो दुसऱ्या प्रतीचा, फार तेजस्वी नाही, पण चांदण्यातही दिसतो आणि त्याच्या अगदी जवळपास त्याच्या बरोबरीचं दुसरं कोणी नाही.

पहिली बैठक: कोजागरी

कोजागरीला सगळं घर तसंही बाहेर असतं. गावात भुलाबाईची गाणी संपून खिरापत वाटली गेलेली असते, दूध आटत असतं. पावसाने धुतलेलं आभाळ असतं. शिकायला याहून सोयीची रात्र वर्षात नाही.

रात्री नऊला चंद्र पूर्वेला निम्म्यावर चढलेला असतो. त्याच्याकडे पाठ करून पश्चिमेला तोंड करा. वायव्येला जो सगळ्यात तेजस्वी, पांढरा-निळसर तारा दिसतो तो अभिजित, २५ प्रकाशवर्षांवर. त्याच्या डावीकडे, नैऋत्येच्या बाजूला वरच्या अंगाला श्रवण, १७ प्रकाशवर्षांवर. आणि दोघांच्याही वर, उत्तरेकडे झुकलेला डेनेब, हंस तारकासमूहातला. हे तीन तारे जोडले की मोठा त्रिकोण होतो. चांदण्याने आतले बारके तारे पुसल्यामुळे तो त्या रात्री विशेष स्वच्छ दिसतो. डेनेब तिघांत मंद दिसतो तो केवळ अंतरामुळे, कारण तो हजाराहून अधिक प्रकाशवर्षं दूर आहे. अभिजितच्या जागी त्याला आणून ठेवलं तर रात्री त्याच्या उजेडात सावल्या पडतील.

मग दक्षिणेकडे वळा. तिथे दोन वितींच्या थोडं खाली एकच तारा दिसतो, आसपास कोणी नाही. तो मीनास्य. ईशान्येला शर्मिष्ठेचे पाच तारे इंग्रजी एम अक्षरासारखे शोधा. दूध पिऊन होईस्तोवर साडेदहा वाजतील, तेव्हा पूर्वेला तांबूस रोहिणी आणि ईशान्येला ब्रह्महृदय वर आलेले असतील. अकराच्या पुढे मृग उगवतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास व्याध. एका रात्रीत आठ-नऊ नावं झाली, एवढं पुरे.

मृगाबद्दल एक शंका नेहमी विचारली जाते. जूनमध्ये मृग लागतो, मग तेव्हा तो दिसत का नाही? पेरणीच्या वेळचा मृग म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आलेला असतो, आणि सूर्याबरोबरचे तारे दिवसा वर असतात. मृग डोळ्यांनी पाहायचा तो हिवाळ्यात, गहू-हरभऱ्याचं ओलित चालू असतं तेव्हा.

बाकीचे ऋतू

जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळचं आभाळ वर्षातल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्यांनी भरलेलं असतं. मृगाच्या पट्ट्याचे तीन तारे धरा. त्यांची रेघ खाली लांबवली की व्याध, वर लांबवली की रोहिणी. मृगातल्याच काक्षी या ताऱ्याचा तांबूस रंग आणि राजन्याचा निळसर पांढरा यांतला फरक चांदण्यातही कळतो. व्याधाच्या खाली, दक्षिण क्षितिजापासून वीतभरही वर न येणारा अगस्त्य पाहा. व्याधानंतर तेजात त्याचाच नंबर, आणि आपल्याकडून तो १६-१७ अंशांपेक्षा वर कधीच चढत नाही, त्यामुळे दक्षिणेला घर किंवा झाड असेल तर राहून जातो. या दिवसांतल्या पौर्णिमेचा चंद्र मात्र याच ताऱ्यांच्या आसपास आणि जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून इथे अष्टमी-नवमी जास्त बरी.

एप्रिल-मेमध्ये सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. त्यांच्या शेपटीची कमान पुढे वाढवली की केशरी स्वाती, आणखी पुढे गेलं की पांढरी चित्रा. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला खेटून अरुंधती. लग्नात नवरीला दाखवतात ती हीच. ती चौथ्या प्रतीची असल्यामुळे पौर्णिमेच्या चांदण्यात नुसत्या डोळ्यांनी दिसली तर नजर आणि हवा दोन्ही उत्तम समजा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात नऊ-साडेनऊला दक्षिण क्षितिजालगत त्रिशंकूही येतो, पण त्याला मोकळं माळरान आणि धूळ नसलेली हवा लागते. उन्हाळ्यात धुराळा, पऱ्हाट्या आणि धुरे जाळल्याचा धूर हवेत असतो, आणि चंद्राचा उजेड त्यात पसरतो. अशा रात्री फक्त डोक्यावरचं पाहा.

कधी चंद्राभोवती मोठं खळं पडतं. चंद्रावर करंगळी ठेवून वीत ताणा, अंगठा कड्यावर जातो. त्याची त्रिज्या २२ अंश असते, कारण उंचावरच्या पातळ ढगांतले बर्फाचे स्फटिक उजेड साधारण त्याच कोनात वळवतात.

आता चंद्रच पाहा

चांदण्या रात्री चंद्र टाळून जाणं हा अन्याय आहे. दहा-पन्नासची दुर्बीण, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची, एवढं पुरतं. बाजेवर पडून कोपर छातीला टेकवा किंवा दुर्बीण भिंतीच्या कडेला टेकवा, नाहीतर चित्र स्थिर राहत नाही. चंद्र पाहिल्याने डोळ्याला इजा होत नाही, थोडा वेळ दिपल्यासारखं होतं इतकंच. सूर्याकडे मात्र दुर्बीण चुकूनही वळवू नका.

पौर्णिमेला विवरं शोधू नका, सावल्या नसल्याने ती दिसत नाहीत. त्या रात्री दक्षिणेकडच्या टायको विवरातून फुटलेले पांढरे किरण पाहा, ते तेव्हाच सगळ्यात ठळक असतात. विवरं पाहायची ती उजेड आणि अंधाराच्या सीमारेषेवर. अष्टमीला ही रेषा चंद्राच्या मधून जाते, आणि तिच्या दक्षिण टोकाला विवरंच विवरं दिसतात. दशमीच्या सुमारास ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस उजेडात येतं. लगोलग उत्तरेकडे इंद्रधनुष्याच्या उपसागराची डोंगरकड अंधारात पुढे आलेल्या सोनेरी कमानीसारखी दिसते.

चंद्रावरचे काळे डाग म्हणजे बेसॉल्टची मैदानं, थिजलेला लाव्हा. पश्चिम विदर्भातला आपला काळा दगड बेसॉल्टच, आणि लोणारचं विवर त्याच दगडात उल्केच्या आघाताने पडलेलं आहे. म्हणूनच चंद्राचा अभ्यास करणारे लोणारला येतात. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. ते चंद्रावर असतं तर आपल्या दुर्बिणीत ठिपकाएवढंही दिसलं नसतं. टायको ८५ किलोमीटरच्या आसपास आहे. ही दोन मापं डोक्यात ठेवून पाहिलं की दुर्बिणीतल्या त्या बारक्या खळग्यांचा खरा आकार कळतो.

अपोलो ११ जुलै १९६९ मध्ये जिथे उतरलं ते शांतिसागराचं मैदान अष्टमीला पूर्ण उजेडात असतं. चांद्रयान-३ ऑगस्ट २०२३ मध्ये टायकोच्याही दक्षिणेला, ६९ अंश दक्षिण अक्षांशाजवळ उतरलं. यानं दिसणार नाहीत, पण जागा दाखवता येतात.

हिवाळ्यात भिंगावर दव धरतं. ते ओढणीने किंवा शर्टाने पुसू नका, ओरखडे पडतात. दुर्बीण घरात न्या आणि उघडी ठेवून तशीच सुकू द्या.

पौर्णिमेनंतरच्या चार रात्री

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. संकष्टीचा चंद्रोदय घरच्या कॅलेंडरवर छापलेलाच असतो, ऋतूप्रमाणे साधारण आठ ते दहाच्या दरम्यान. अंधार पडल्यापासून त्या वेळेपर्यंतचं आभाळ अमावास्येसारखं काळं असतं. उपवास सोडायला चंद्राची वाट पाहणारं माणूस घरात असेल तर त्यालाही बाहेर बोलवा. कोजागरीनंतरच्या चतुर्थीला साडेसातच्या सुमारास ईशान्येकडे शर्मिष्ठा आधी शोधा. तिच्या उजवीकडे, मुठीच्या दीडपट अंतरावर दुर्बीण हळूहळू फिरवली की धुरकट लांबट डाग लागतो. ती देवयानी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षांवर. चंद्र उगवायच्या आत ती पाहून घ्या.