दोन्हीकडनं सरळ करण्याआधी: मराठी मजकुराची अलाइनमेंट

परभणीत माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, ठराव, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, सगळं होतं. येणाऱ्या दहातल्या आठांचा हट्ट ठरलेला: ‘दोन्हीकडनं एकसारखं करा.’ म्हणजे जस्टिफाय, ओळींच्या डाव्या-उजव्या दोन्ही कडा सरळ. त्यावर नंतर बोलतो, आधी सोपं उरकू.

वर्डमध्ये मथळ्याला कंट्रोल ई, म्हणजे मधोमध. तारखेला कंट्रोल आर, उजवीकडे. लग्नपत्रिका पूर्ण मधोमध. तक्त्यात नावं डावीकडे, रकमा उजवीकडे, म्हणजे एककाखाली एकक येतो. सहीची जागा स्पेसबार दाबत सरकवू नका. फाँट बदलला की सही भलतीकडेच जाते. टॅब वापरा.

आता कंट्रोल जे, म्हणजेच जस्टिफाय. जस्टिफाय ओळ भरायला शब्दांमधली जागा ताणतं. आपली विभक्ती शब्दालाच चिकटते. ‘जिल्हाधिकाऱ्यांकडे’ हा एकच शब्द. ओळीत मावला नाही की अख्खा खाली उतरतो आणि वर उरलेल्या चार शब्दांत खिंडारं पडतात. ए-फोर कागदावर एक इंच समास सोडला की ओळ साधारण १६ सेंटीमीटरची राहते, तिथं हे खपून जातं. पण दोन कॉलम केले की प्रत्येकाला जेमतेम सव्वासात सेंटीमीटर. त्यात १४ चा फाँट घालून जस्टिफाय कराल तर मजकूर दात पडल्यासारखा दिसेल. अशा वेळी कंट्रोल एल, डावीकडे. उजवी कड वेडीवाकडी राहिली तर राहू द्या, वाचणाऱ्याचं काही अडत नाही.

मी मात्र पोळलो तो दुसऱ्याच गोष्टीनं. एका गावच्या यात्रेचं पत्रक होतं, ३०० प्रती. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवला, सगळा निवडला, कंट्रोल जे, प्रिंट. ‘सर्वांनी यावे’ ही तीन शब्दांचीही नसलेली ओळ: ‘सर्वांनी’ डाव्या कडेला, ‘यावे’ उजव्या. मधे बैलगाडी जाईल एवढी जागा! कागद माझ्या खिशातून गेला.

कारण त्या ओळीच्या शेवटी एंटर नव्हता, शिफ्ट-एंटर होता. वर्डच्या लेखी परिच्छेद तिथं संपत नाही, म्हणून ती ओळही ताणली जाते. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबा, एंटर, शिफ्ट-एंटरच्या लपलेल्या खुणा उघड्या पडतील. ओळीच्या टोकाला वाकडा बाण दिसला की तोच चोर. दोन-चार असतील तर हातानं खोडून एंटर द्या. पानभर असतील तर फाइंड-रिप्लेसच्या ‘स्पेशल’ यादीतून मॅन्युअल लाइन ब्रेकच्या (म्हणजे शिफ्ट-एंटरच्या) जागी पॅराग्राफ मार्क (म्हणजे एंटर) घाला. हे आधी, कंट्रोल जे नंतर.

मग एकच प्रत काढून हातभर लांब धरा. मजकुरातून वरून खाली पांढऱ्या पायवाटा उतरताना दिसल्या तर सरळ कंट्रोल एल. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी.