कॅनडातल्या रोपवाटिकेत हिवाळा काढताना

कृषी पदवी घेऊन ऑन्टारिओतल्या रोपवाटिकेत रुजू होणाऱ्याला पॉलिहाऊस नवं नसतं. इथल्या हिवाळ्यात मात्र त्याचं काम वेगळं असतं. बहुवर्षायू फुलझाडांची कोवळी रोपं थंडीभर झोपलेलीच राहावीत म्हणून पॉलिहाऊसवर दुधी पांढरा प्लॅस्टिकचा कागद चढवतात. पारदर्शक कागद असला तर फेब्रुवारीच्या लख्ख उन्हात आतली हवा भराभर तापते, रोपांना अवेळी कोंब फुटतात आणि रात्रीच्या गारठ्यात ते करपतात. म्हणून रोपांना ऊब द्यायचा मोह सोडा. थंडी एकसारखी राहिली तर रोप तगतं. सारखं गोठणं-वितळणं त्याला सोसत नाही.

जमिनीतल्या मुळांवर माती आणि बर्फाचं पांघरूण असतं. कुंडीत गारठा चारी बाजूंनी भिडतो, आणि मुळं मुळातच खोडापेक्षा नाजूक. त्यासाठी कुंड्या एकमेकींना अगदी खेटून ठेवतात. नत्राचं खत ऑगस्टनंतर बंद. झाकण्याआधी भरपूर पाणी द्या; ओली माती कोरड्या मातीपेक्षा सावकाश गार होते. पण झाकायची घाई नको. रोपं आधी थंडीला सरावू द्या, पानं मरू द्या, मग नोव्हेंबरच्या उत्तरार्धात झाका. त्याच वेळी उंदरांचा बंदोबस्त करा. पांघरुणाखाली बसून ते हिवाळाभर गड्डे, म्हणजे मुळं आणि खोड जुळतात तो भाग, कुरतडतात.

वाफ्यात लावलेल्या रोपांची परीक्षा मार्चमध्ये असते. सकाळी वाफ्यावरून हात फिरवून बघा. ह्युकेरा या बहुवर्षायू फुलझाडाचा गड्डा मातीतून दोन बोटं वर आलेला असतो, खालची पांढरी मुळं उघडी पडलेली. माती गोठते तेव्हा फुगून रोपाला वर ढकलते. वितळली की माती खाली बसते, रोप मात्र वरच राहतं. माती मऊ झाली की ते हलक्या हाताने दाबून बसवायचं, वर पालापाचोळा घालायचा. ओकची पानं त्याला उत्तम. मेपलची भिजून चिकटतात आणि खाली कूज धरते. उशिरा, ऑक्टोबरात लावलेली रोपं सर्वांत जास्त उखडतात, कारण त्यांच्या मुळांनी अजून माती धरलेली नसते. माझ्या मते सप्टेंबर संपायच्या आत लागवड उरकलेली बरी.

वसंतात मेलेली रोपं काढायचं काम बहुधा नवख्यांकडे येतं. तेव्हा कुंडीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय काही फेकू नका. काही झाडं उशिराच जागी होतात. होस्टा हे पानांसाठी लावलं जाणारं बहुवर्षायू झाडही सावकाश उठतं, आणि आपल्या जास्वंदीच्या कुळातली इथली थंडी सोसणारी जास्वंद तर मे संपत आला तरी नुसती वाळलेली काडी दिसते. नखाने मुळाची साल किंचित खरवडा. आत पांढरं, टणक असेल तर कुंडी बाजूला ठेवा, पाणी बेताने द्या आणि जूनपर्यंत वाट बघा.