आयपॉड व्हिडिओची बॅटरी घरच्या घरी बदलताना

ऑक्टोबर 2005 मध्ये आलेला पाचव्या पिढीचा आयपॉड, म्हणजे सगळे ज्याला ‘आयपॉड व्हिडिओ’ म्हणतात तो, चार्जरला लावला की छान वाजतो आणि वायर काढली की दहा मिनिटांत मान टाकतो. हे बॅटरी गेल्याचं लक्षण. ती बदलायला ना सोल्डरिंग लागतं, ना एकही स्क्रू काढावा लागतो. काम बिघडतं ते दोन ठिकाणी: पाठ उघडताना आणि बॅटरीची फ्लेक्स (पट्टीसारखी पातळ वायर) सोडवताना.

आधी दोष नक्की बॅटरीचाच आहे का, ते बघा. चार्जिंगला असतानाही गाणं मध्येच अडकत असेल, आतून टकटक आवाज येत असेल, तर हार्ड डिस्क बिघडत चालली आहे. नव्या बॅटरीने ती सुधारणार नाही.

कुठली बॅटरी घ्यायची

मॉडेल नंबर बघून उपयोग नाही. बारीक आणि जाड, दोन्ही आयपॉडवर ए1136 हाच असतो. पाठीवर कोरलेली जीबी बघा. 30 जीबीचा आयपॉड 11 मिमी जाड आहे, 60 आणि 80 जीबीचा 14 मिमी. जाड बॅटरी बारीक आयपॉडमध्ये घातली तर पाठ बसतच नाही. उलट केलं तर चालतं, फक्त कमी तास वाजतो आणि आत सेल हलू नये म्हणून फोमचा तुकडा द्यावा लागतो. 2007 पासूनचा ‘क्लासिक’ (ए1238) यात धरू नका. त्याची पुढची बाजूही धातूची आहे आणि तो उघडणं बरंच कटकटीचं आहे.

एमएएचच्या (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याच्या) आकड्यावर भाळू नका. तेवढ्याच मापाच्या सेलवर एक जण 450 छापतो, दुसरा 850, तेव्हा खरेदी पहिल्याकडून करावी. त्याहून महत्त्वाची उत्पादनाची तारीख. लिथियम सेल न वापरताही म्हातारा होतो, आणि या आयपॉडसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांत वर्षानुवर्षं पडून असलेला माल बराच असतो. पाकीट उघडताच मल्टीमीटर लावता आला तर लावा. 3 व्होल्टच्या खाली उतरलेला सेल परत करावा.

हत्यारं साधी आहेत: दोन-तीन गिटार पिक किंवा मोबाइल उघडायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, एक टोकदार प्लॅस्टिकची काडी, चिमटा, थोडी कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी चिकटपट्टी). मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं मिळून जातं. स्वयंपाकघरातली सुरी मात्र ओट्यावरच राहू द्या.

उघडणं

चार्ज संपेपर्यंत आयपॉड वाजवा, मग होल्डचं बटण लॉक करा म्हणजे मध्येच चालू होणार नाही. पाठ फुगलेली दिसत असेल तर चार्जिंगला लावूच नका, आणि काम करताना कोरड्या वाळूचं घमेलं शेजारी ठेवा.

लांब बाजूच्या मध्यापासून सुरुवात करा. प्लॅस्टिकचा पुढचा भाग आणि चकचकीत पाठ यांच्या फटीत पट्टी घाला, तिचं टोक धातूच्या बाजूला रोखलेलं असू द्या. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा आत जाऊ नका. एक कडी सुटली की तिथे पिक अडकवून ठेवा, नाहीतर पुढची सोडवेपर्यंत मागची पुन्हा बसते. इथे लोखंडी स्क्रूड्रायव्हर वापरला की पाठीची कड वाकते. ती नंतर कितीही ठोकली तरी सरळ होत नाही आणि फट कायमची राहते.

दोन्ही बाजू सुटल्या तरी झटक्याने वेगळं करू नका. पाठ आणि बोर्ड (आतली सर्किटची पाटी) यांच्यामध्ये दोन केशरी फ्लेक्स आहेत: एक बॅटरीची, दुसरी हेडफोन जॅक आणि होल्ड बटणाची. पुस्तक उघडतो तसं उघडा, तेही थोडंच.

बॅटरीची फ्लेक्स

बॅटरीची फ्लेक्स बोर्डवर एका तपकिरी लॉकखाली बसलेली असते. हे लॉक फक्त सैल करायचं असतं, काढायचं नसतं. काडीचं टोक आधी एका कडेला, मग दुसऱ्या कडेला लावून ते सरळ वर उचला. ते जेमतेम 2 मिमी सरकतं, आणि तिथे थांबायचं. आणखी जोर लावला तर लॉक उडून जातं किंवा अख्खं सॉकेट बोर्डवरच्या डागाच्या पॅडसकट उखडतं. मग साध्या कामाची बोर्ड रिपेअर होऊन बसते. लॉक वर आलं की फ्लेक्स अलगद सरकून येते. येत नसेल तर ओढू नका, लॉकची एक बाजू अजून खालीच आहे.

जॅकची फ्लेक्स हार्ड डिस्कच्या खाली बोर्डला जोडलेली आहे. ती काढलीच पाहिजे असं नाही. पाठ काटकोनात उभी करून टेकवून ठेवली तर बॅटरी तशीच बदलता येते, आणि तेवढंच एक सॉकेट उघडायचं वाचतं.

जुना सेल पाठीला चिकटवलेला असतो. हेअर ड्रायरने बाहेरून पाठ कोमट करा, मग खालून प्लॅस्टिकची पट्टी हळूहळू सरकवा. सेलला टोचायचं नाही, वाकवायचं नाही. काढण्याआधी त्याची फ्लेक्स कशी दुमडली आहे याचा मोबाइलवर फोटो घ्या. नवीन तशीच दुमडा.

जोडणं आणि तपासणं

नवीन फ्लेक्स सॉकेटमध्ये पूर्ण आत, सरळ घाला आणि लॉक दोन्ही कडांनी दाबा. पाठ बंद करण्यापूर्वी नुसती जोडून चालू करून बघा. चार्जरवर चालतो पण वायर काढताच बंद पडतो, तर फ्लेक्स तिरकी बसली आहे. लॉक तुटलं असेल तर फ्लेक्सवर कॅप्टॉन टेपच्या घड्यांची छोटी गादी ठेवा. पाठ बसल्यावर तिच्या दाबाने संपर्क टिकतो. जुगाड आहे, पण चालतो.

ॲपलचं चिन्ह येऊन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत असेल तर बहुधा उघडताना हार्ड डिस्कची फ्लेक्स सैल झाली आहे. ती नीट बसवा, होल्ड एकदा पुढे-मागे करा आणि मेनू व मधलं बटण सहा ते आठ सेकंद दाबून धरा.

पाठ बसवताना डिस्कभोवतीचे निळे रबर जागेवर आहेत ना ते पाहा. एखाद्या कोपऱ्यात फट राहिली तर दाबून बसवू नका, तिथे फ्लेक्स चिमटली असणार.

पूर्ण चार्जला सुमारे चार तास लागतात. नंतर इक्वलायझर आणि बॅकलाइट बंद करून सलग गाणी लावा. ॲपल 30 जीबीसाठी 14 तास आणि जाड मॉडेलसाठी 20 तास सांगत असे. त्याच्या आसपासचा आकडा आला तर सेल चांगला मिळाला समजा. निम्म्यावर आला तर विक्रेत्याला गाठा. रॉकबॉक्स (ॲपलच्या सॉफ्टवेअरऐवजी चालणारं मोफत सॉफ्टवेअर) टाकलं असेल तर बॅटरीच्या सेटिंगमध्ये नवीन एमएएच भरा, नाहीतर उरलेल्या वेळेचा अंदाज चुकत राहील.

जुना सेल ओल्या-सुक्या कुठल्याच कचऱ्यात टाकू नका. त्याच्या टोकांवर टेप लावून ई-कचरा संकलन केंद्रात द्या. कचरागाडीत तो दाबला गेला की पेट घेऊ शकतो.