ग्रहांसाठी आयपीस घेताना

आयपीस म्हणजे दुर्बिणीची डोळ्याकडची, बदलता येणारी भिंगाची नळी. नवी दुर्बीण घेतलेल्यांचा ठरलेला प्रश्न असतो: "ताई, 4 मिमीचा आयपीस मागवू का? गुरू मोठा दिसेल ना?" दिसेल की. मोठा आणि पुसट.

माझ्याकडे सहा इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आहे, आरशाचं नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) 1200 मिमी. त्याला आयपीसच्या मिमीने भागा, वर्धन हातात येतं: 25 मिमीने 48 पट, 10 ने 120, 6 ने 200, 4 ने थेट 300. आरशाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला दोन पट, असा ढोबळ नियम आहे; म्हणजे माझ्या 150 मिमीच्या आरशाला 300 ही शेवटची हद्द. तिथवर जाऊ देणारी हवा शहरातल्या गच्चीवर क्वचितच लाभते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धगधगत असतो आणि गुरूची कड उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखी हलते. तेव्हा महागडा आयपीससुद्धा काही करू शकत नाही.

शिवाय आकाराची अडचण नसतेच मुळी. गुरू पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा 40 पटीतच साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसतो. आपल्याला हवे असतात ते पट्टे, तांबडा डाग, शनीच्या कड्यांमधली कॅसिनीची फट. त्यासाठी 130 ते 200 पट पुरे. म्हणून आधी 8 किंवा 9 मिमीचा घ्या, तो वर्षभर वापरात राहील. मग 6 चा, शांत हवेच्या रात्रींसाठी. तुमचं नाभीय अंतर वेगळं असेल तर मिमी नव्हे, पट धरून निवडा.

आता प्रकार. स्वस्तातला प्लॉस्ल (चार भिंगांचा साधा आयपीस) चित्र छान देतो, पण 6 मिमीच्या प्लॉस्लला डोळा काचेपासून जेमतेम 4 मिमीवर आणावा लागतो. पापणी मिटली की काचेवर तेलकट रेघ. त्यापेक्षा 66 अंशांच्या क्षेत्राचे (क्षेत्र म्हणजे आयपीसमधून दिसणाऱ्या गोलाची रुंदी) 'गोल्डलाइन' आयपीस बरे. त्यांच्या 6 आणि 9 मिमीमध्ये डोळ्याला साधारण 15 मिमी अंतर मिळतं. आणि डॉब्सोनियनला ग्रहामागे फिरवणारी मोटर नसेल तर रुंद क्षेत्र ही चैन नव्हे, गरज आहे. 200 पटीत 50 अंशांच्या आयपीसमधून ग्रह मिनिटभरात निघून जातो. पाहुण्याला बोलावून त्याने डोळा लावेपर्यंत शनी गायब!

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून फोकस करून बघा. सिलिंडरचा नंबर असला तरी एवढ्या वर्धनात बाहेर येणारी प्रकाशशलाका जेमतेम मिलिमीटरभर जाड असते, त्यामुळे तो फारसा जाणवत नाही.

बार्लो (आयपीसच्या आधी बसवायची, वर्धन वाढवणारी भिंगाची नळी) घ्यायची तर आधी गणित करा. दुप्पट बार्लोने 10 चा 5 होतो, म्हणजे 240 पट. बहुतेक रात्री तो पडून राहील. तीच बार्लो 15 च्या आयपीसला लावा, 160 पट मिळते.

पावसाळ्यात आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी धरते. आणि धूळ दिसली म्हणून ओढणीने पुसू नका. आधी ब्लोअरने उडवा.